पहिली चक्कर

"उतर खाली."

तात्या हे आबांना नाही, मला म्हणाले. मी मोपेडवर माझ्या बापाच्या पुढ्यात उभी होते, हँडल घट्ट धरून. अंगात शाळेच्या गॅदरिंगचा फ्रॉक, मनगटाला गुंडाळलेली झेंडूची माळ. माळ हँडलला बांधायची होती, पण आबा म्हणाले होते, आधी तात्यांकडं, मग माळ. मी उतरले. मग आबा उतरले. चावी काढली, दोन्ही हातांवर ठेवून पुढं केली आणि कमरेत वाकले.

तात्यांनी चावी घेतली नाही. आत बघून हाक मारली. आतून त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं तो सीटवर ओतला. आबा बसले होते तिथं. मग मी उभी होते त्या पत्र्यावर. माझ्या फ्रॉकवर शिंतोडे उडाले. गड्यानं फडकं फिरवलं. मग तात्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आला, आबांच्या हातावरून चावी उचलली, बोटाला बोट न लागू देता, आणि गेला सुसाट.

वाघोलीतली ओढ्यापलीकडची वस्ती आमची. आम्ही बौद्ध. गावाच्या तोंडात अजून जुनंच नाव. वस्तीच्या चारी बाजूंची जमीन तात्यांची, विहीरही त्यांचीच. आणि एक रीत होती. वस्तीत कुणीही गाडी घेतली, मग ती जुनी सायकल का असेना, की ती आधी तात्यांच्या अंगणात न्यायची. पहिली चक्कर त्यांच्या घरातलं कुणीतरी मारणार, मग नारळ फुटणार, मग ती गाडी आपली. ही रीत कुणी घातली, कधी घातली, कुणी विचारलं नाही. आबांनीही नाही विचारलं. ते कॉलेजात शिपाई होते. जुनीच मोपेड, पण तिच्यासाठी त्यांनी किती वर्षं विडी सोडली होती ते घरात आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही अंगणाच्या कडेला उभे. ऊन चढलं. सावली होती, पण ती ओट्यावर. ओट्यावर आम्ही कसे जाणार? तात्या चहा प्याले, पेपर वाचला, जेवायला आत गेले. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही. सीटला मात्र तांब्याभर मिळालं होतं.

मोपेड आली तेव्हा ती चिखलानं भरलेली, एका बाजूचा आरसा गायब, टाकी कोरडी. तात्या बाहेर आले.

"चांगली हाय रं. पण लई मिजास करू नको."

"तुमची कृपा, तात्या," आबा म्हणाले. आणि हसले. ते हसू मला आजही डोळ्यांसमोर नको वाटतं.

गाडी ढकलत घरी आलो. दारात आई सणाची साडी नेसून उभी होती. तिला आठवडी बाजाराला गाडीवर न्यायचं ठरलं होतं. तिनं चिखल बघितला, आम्हाला बघितलं, आत गेली आणि साडी बदलून आली. आबा म्हणाले, "तात्यांचा हात लागला, आता गाडी लाभंल. धुऊनसुद्धा दिली बघ त्यांनी."

मी विचारलं, "आबा, सीट घाण होती का?"

खाडकन कानाखाली बसली. माझ्या बापानं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. रात्री जेवले नाहीत ते. मला तेव्हा कळलं नाही की थप्पड कुणाला होती.

आई त्या मोपेडवर कधीच बसली नाही. का गं म्हटलं की म्हणायची, "मला चालायला आवडतं."

हे सगळं मी विसरले होते असं नाही. दडपलं होतं. शिकले, एक्स-रे टेक्निशियन झाले, कर्वेनगरातल्या एका हॉस्पिटलात लागले. सकाळची शिफ्ट. वाघोलीहून डेक्कनपर्यंत एक बस, तिथून दुसरी. पहिली कधी यायचीच नाही, आली तर दारात लोंबकळणारी माणसं. नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहून मी घड्याळ बघायची आणि नुसती जळायची. पोचले की इन्चार्ज मॅडम आपला खास आवाज काढायच्या: "या! आलात? आम्हाला वाटलं, आज पेशंटनीच एकमेकांचे फोटो काढायचेत." सगळे हसायचे. मी ॲप्रन चढवायची. त्यांचंही काय चुकलं? बाहेर मोडक्या हाताची माणसं बसलेली असायची.

ठरवलं. गाडी घ्यायची. आणि मोपेड नाही, स्कूटर नाही, गिअरची मोटरसायकल. इतक्या लांब रोज जायचं, खड्ड्यांतून, ट्रकच्या मधून, तर दणकट पाहिजे. खरं सांगू? एवढंच कारण नव्हतं. मला तसल्या मोपेडकडं बघवत नव्हतं.

शोरूमवाला पोरगा म्हणाला, "मॅडम, स्कूटर्स त्या साइडला." म्हटलं, मला दिसतात. मग म्हणाला, "टेस्ट राईडला मिस्टर येणार का?" म्हटलं, "मिस्टर नाहीयेत. असते तर मागं बसले असते." हॉस्पिटलच्या ड्रायव्हरकाकांनी सुट्टीच्या दिवशी मैदानात शिकवलं होतं मला. क्लच सोडताना दोनदा आपटले, गुडघा सोलला, पण आली. राईड मारून दाखवली. मग तो पोरगा फॉर्म भरायला लागला.

गाडी मिळायच्या दिवशी आबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले. काळी गाडी. सीटवर प्लॅस्टिक. आबांनी तिच्यावरून हात फिरवला, नाक ओढलं, आणि मला वाटलं आता छान काहीतरी बोलतील.

"आधी भाऊंकडं जाऊ," ते म्हणाले.

भाऊ म्हणजे तोच. मोपेड नेणारा. तात्या गेले, आता भाऊ. शेतं गेली, तिथं टॉवर उभे राहिले. विहीर आहे, आता तिचं पाणी टँकरनं विकलं जातं. वस्तीत नळाला पाणी नाही, तेव्हा वस्तीला टँकर भाऊंचा. फुकट. हे फुकट म्हणजे काय असतं ते फुकट पाणी पिणाऱ्यालाच विचारा. आणि रीत? रीत कुठं जाते. उलट वाढली होती. आता भाऊ चक्कर मारून आले की गाडीमालकाच्या हातात चावी देताना फोटो निघायचा. बघणाऱ्याला वाटावं, गाडी भाऊंनीच दिली. संध्याकाळी फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर: वस्तीतल्या आमच्या लेकराला हार्दिक शुभेच्छा. वर भाऊ गॉगल लावून.

"मी नाही येणार," मी म्हटलं.

"टँकर, बाई. टँकर बंद केला तर?" आबा म्हणाले. "एक चक्कर तर हाय. आपलं काय झिजतंय?"

आई आठवली. गुडघे दुखतात तिचे, हंडे कुठून आणणार ती? मी मान हलवली. हो, मीच हलवली. आबांना मागं घेतलं आणि गाडी भाऊंच्या ऑफिसकडं वळवली. वाटेत माझ्या खांद्यावरचा आबांचा हात घट्ट होत गेला.

अंगणाच्या जागी आता चकचकीत फरशी. आबांनी फरशीच्या कडेला चपला काढल्या. मी गाडीवरच बसून राहिले. इंजिन बंद केलं, चावी गाडीलाच. भाऊ खुर्चीत, मोबाईलमध्ये. वर न बघता हात पुढं केला. तळवा वर.

"चावी."

मग म्हणाले, "केवढी घेतलीय ही? पोरींच्या हलक्या गाड्या मिळत्यात की." भोवतालची चार टाळकी हसली. आबाही हसले. तेच हसू. इतक्या वर्षांनी, जसंच्या तसं.

एकजण ओल्या टिश्यूचं पाकीट घेऊन आला. अदबीनं म्हणाला, "ताई, जरा उतरता का? सीट पुसून घेतो. भाऊ बसणारेत."

मी सीटकडं बघितलं. प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं अजून. शोरूममधून आत्ता निघालेली गाडी. धूळ नाही, डाग नाही. तिच्यावर फक्त मी बसले होते आणि माझा बाप.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज मात्र शांत निघाला, माझं मलाच नवल वाटलं.

"काय पुसायचंय?"

"आँ? नाय, स्वच्छता..."

"कुठं घाण आहे? दाखवा मला."

तो भाऊकडं बघायला लागला. भाऊनं पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडं नाही, आबांकडं बघितलं. "काय म्हणतीय ही?"

"काय न्हाई भाऊ, पोर हाय. दे गं, दे चावी."

मी म्हटलं, "भाऊ, माझ्या वडलांची मोपेड तुम्ही नेली होती. तुमच्या आईनं सीटवर पाणी ओतलं होतं. आठवतंय?"

"कसली मोपेड?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. सोंग नव्हतं ते. मी त्या तांब्यातल्या पाण्यात लहानपणापासून नाकातोंडापर्यंत बुडालेली, आणि ह्याच्या ध्यानीमनीही नाही! त्या अंगणात किती सीटा धुतल्या असतील, तो कुठली कुठली लक्षात ठेवणार. तिथं माझं सगळं भय संपलं. भीती वाटायला समोर कुणीतरी मोठं लागतं. हा तर साधा विसराळू माणूस होता, खुर्चीत बसलेला.

"चावी मिळणार नाही," मी म्हटलं. "फोटो पण नाही. हप्ते मी भरणार, चक्कर मीच मारणार."

कुणी हसलं नाही. भाऊ हळूच म्हणाला, "पाणी कुणाचं पिता, आबा?"

प्रश्न मला नव्हता. मी स्टार्टर मारला. "आबा, बसा."

आबा अनवाणी उभे. एक पाय पुढं आला त्यांचा, शपथेवर सांगते, आला. मग थांबला. त्यांनी हात जोडले. माझ्याकडं बघून नाही, खुर्चीकडं बघून.

"आबा, बसा ना."

नाही बसले. मी क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला, बंद पडली नाही. मागची सीट रिकामी घेऊन मी त्या फरशीवरून बाहेर आले. रडत होते का? होते. रागानं. बापाचा राग, त्या हात जोडण्याचा राग, आणि त्याला तिथं सोडून आल्याचा स्वतःचा राग. सगळं एकदमच.

आई दारात होती. मला एकटीला बघून ती पुढं आली. गाडीभोवती फिरली. सीटवरचं प्लॅस्टिक नखानं टरकावलं, फर्रकन ओढून काढलं आणि चुरगाळून उंबऱ्याबाहेर टाकलं. पदर खोचला. माझ्या खांद्यावर हात देऊन मागं चढली, कण्हत, कुथत.

"आई, कुठं जायचंय?"

"बाजाराला," ती म्हणाली. "हळू घे. गुडघा हाय माझा."

बाजाराचा वार नव्हता तो. तरी आम्ही गेलो. वस्तीतून, ओढ्यावरून, गावाच्या मधोमध, भाऊच्या फ्लेक्सखालून. आई सरळ बसली होती. कुणाकडं बघितलं नाही तिनं. रिकाम्या बाजारात उतरून तिनं पाणीपुरी मागितली आणि दोन्ही गालांत भरून खाल्ली.

आता शेवट गोड व्हायला पाहिजे ना? नाही झाला.

टँकर येतो, पण आमच्या पिंपापाशी पाइप थांबत नाही. डावीकडचं घर, उजवीकडचं घर, मध्ये आम्ही कोरडे. शेजारच्या मावशी, ज्यांच्या मांडीवर मी वाढले, त्या म्हणाल्या, "तुझ्या एका हट्टापायी म्हातारीचे हाल. आमचं बंद झालं म्हंजे?" दिवसा तोंडावर बोलल्या आणि अंधार पडल्यावर भिंतीवरून घागर सरकवली. मी घागरही घेतली आणि बोलणंही ऐकून घेतलं. त्यांनाही घर आहे.

कामावरून येताना मी फाट्यावरच्या पाण्याच्या दुकानातून दोन कॅन आणते. मागच्या सीटला बांधून. त्यावर भागवतो. मी रोज वेळेत पोचते. मॅडमना आता बोलायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं, शोधतात त्या.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. कॅन मात्र उतरवून घेतात. परवा भाऊचा निरोप तेच घेऊन आले. हातात कॅन धरून, भिंतीकडं बघून म्हणाले, "भाऊ म्हणत्यात, पोरीला चावी घेऊन पाठव. झालं गेलं विसरू. पिंप भरून देतो."

मी म्हटलं, "तो सगळंच विसरतो, आबा. मी विसरणार नाही."

"मग काय सांगू?"

"सांगा, येणार नाही. आज नाही, उद्या नाही, तुमच्या माघारी नाही. पाण्याला अर्ज करीन, भांडीन, लांबून वाहून आणीन. पण ती चावी दुसऱ्याच्या तळव्यावर पडणार नाही. आणि माझ्या गाडीवर ज्याला बसायचंय त्यानं सीट न पुसता बसायचं. ज्याला पुसल्याशिवाय बसवत नाही, त्यानं चालत जावं."

आबांनी कॅन खाली ठेवला. गाडीकडं बघितलं. सीट रिकामी होती.

"तुम्ही बसा नाहीतर बसू नका," मी म्हटलं. "मी सकाळी साडेसहाला निघते."