रिकाम्या प्लेटा

पाहणी समिती येणार म्हणून आमच्या प्रयोगशाळेला आठवडाभर आधी स्वच्छतेचा झटका आला. आवराआवर माझ्याकडे होती. मी तेव्हा नवाच होतो, आणि नव्या माणसाला अधिकार मिळाला की तो आधी कपाटं उघडतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर पीएचडी करणारी एक सीनियर बसायची. मी तिला ताई म्हणे. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीच्या श्वसनाचं काम करणाऱ्या भागातल्या, काही जनुकांत मधेच इंट्रॉन नावाचा फालतू वाटणारा मजकूर असतो. जनुकाची आरएनए प्रत निघाली की तो कापून उरलेली टोकं जोडावी लागतात. हे कापकाम जनुकातल्या नेमक्या कोणत्या अक्षरांच्या जोरावर चालतं, ते सगळं सुरळीत असताना कळत नाही. एखादं अक्षर बिघडलं, काम अडलं, की कळतं. ताई दोन वर्षं असं बिघडलेलं यीस्ट शोधत होती. शेवटी एक सापडलं. त्यात इंट्रॉन तसाच अडकून राहत होता. पेशींना धड श्वसन जमत नव्हतं, म्हणून श्वसनाशिवाय वापरता न येणारं ग्लिसरॉल हेच अन्न असलेल्या प्लेटवर काहीच उगवत नव्हतं आणि ग्लुकोजच्या प्लेटवर जेमतेम धुळीएवढे ठिपके दिसत होते. कुठलं अक्षर बिघडलंय, एवढंच वाचायचं राहिलं होतं. नमुना गोठवायचाही राहिला होता, कारण पाहणीसाठी फ्रीझरची यादी नव्याने छापून होईपर्यंत त्यात नवं काही ठेवायला मनाई होती. प्रबंध द्यायला ताईच्या हातात सहा महिने उरले होते.

मी हडपसरहून येणाऱ्या आमच्या शिपाईमामांना सांगितलं, इनक्युबेटरमधल्या रिकाम्या प्लेटा काढून टाका.

सकाळी ताईने इनक्युबेटर उघडला आणि प्लेटा कुठे गेल्या ते मामांना विचारलं.

"सरच म्हणले, रिकाम्या काढा," मामा म्हणाले. "उजेडात धरून बघितल्या मी एकेक. काय नव्हतं त्यात."

प्लेटा ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे टाकायच्या वस्तू वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, निघाल्या होत्या. प्लास्टिक वितळून एक गोळा झाला होता. त्यावर ताईच्या अक्षरातला एक नंबर अर्धा वाचता येत होता. मी मामांवर आवाज चढवला.

"त्यांना कशाला बोलतोस?" ताई म्हणाली. "त्यांनी निदान उजेडात धरून पाहिल्या."

दुपारी समिती आली. अध्यक्षांनी निरोगी यीस्टने गच्च भरलेली एक प्लेट हातात घेतली आणि पीक छान आलंय म्हणाले. सगळे हसले. ताईही हसली. अहवालात प्रयोगशाळेच्या टापटिपीचा खास उल्लेख होता.

पुढचे चार महिने तिने पुन्हा शोध घेतला. बिघडलेली यीस्टं पुष्कळ मिळाली, पण बिघाड भलतीकडेच. मुदत वाढली नाही. प्रबंध न देता ती गेली. हल्ली वाघोलीच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घेते.

जायच्या दिवशी तिने नोंदवही माझ्यापुढे सरकवली. त्या सकाळचं पान कोरं होतं.

"हे तू लिही," ती म्हणाली.

मी लिहिलं: नमुना नष्ट. कारण, स्वच्छता. तिने वाचलं, 'स्वच्छता' खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं.