चुलीवरची पुरचुंडी

आमच्या घरात बियाण्याच्या मिरच्या पुरचुंडीत बांधून चुलीच्या वर वाशाला टांगतात. धुराने त्यांना कीड लागत नाही. पेरणीआधी त्या पुरचुंडीला हात लावायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या मोठ्या जावेला तर असतंच. मला ते त्यांनीच शिकवलं.

मिरची माझ्या माहेरची. बुटकी, जाड सालीची, रंगाला गडद. आई गेली, माहेरचं परस हायवेच्या रुंदीकरणात गेलं, आणि आईचं म्हणावं असं तेवढं बी माझ्याकडे उरलं. भातकापणी झाली की आम्ही दोघी जावा विहिरीजवळ रोपं लावायचो. पुढे मिरच्या कातळावर वाळत घालायचो आणि दव पडून पांढऱ्या पडू नयेत म्हणून ऊन उतरताच गोळा करायचो. कातळ असा तापायचा की मिरच्या खडखड वाजायच्या.

यंदा पानं आकसली, रोपं खुरटली. एकाच रोपाने ओंजळभर मिरच्या दिल्या. खाण्यासाठी सावर्ड्याहून विकतच्या आणून मी डबा भरला, आमच्या तेवढ्या पुरचुंडीत बांधल्या आणि लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेले. निघताना म्हटलं, "वयनी, पुरचुंडी तेवढी सांभाळा."

"जा गो, मी हाय ना," त्या म्हणाल्या.

परत आले त्या दिवशी त्यांनी तिरफळं घालून बांगड्याचं कालवण केलं होतं. प्रवासाने जीव आंबलेला; मी दोनदा वाढून घेतलं. "वयनी, अगदी आईच्या हातची चव," असंही वर म्हटलं. त्या हसल्या.

सकाळी चहा ठेवताना सवयीने नजर वर गेली. वाशाला नुसती दोरी लोंबत होती.

"कालवणात घातल्या," त्या म्हणाल्या. "मिरची संपली व्हती."

मी डबा उघडला. विकतच्या मिरच्या काठोकाठ होत्या.

"बिया तरी काढून ठेवल्यात का?"

"बियांसकट वाटल्या." मग डब्याचं झाकण माझ्या हातातून घेत म्हणाल्या, "एवढी वर्सा वाळवली मी, कांडली मी. आणि घरात येल तो बोलनार, धाकटीच्या आईची मिरची. माजा कोन नाव घेतो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव हवं होतं तर मागायचं होतं, मी गावभर सांगितलं असतं. केसाने गळा कापला बाईने, आणि तोही मला प्रेमाने जेवायला वाढून. आईचं शेवटचं बी मी चाटूनपुसून खाल्लं आणि त्या समोर बसून बघत होत्या.

आता मिरची विकतचीच. कालवण अजून त्याच करतात, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं करतात. मी पहिला घास घेतला की माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी मान खाली घालून जेवते. वाढू का म्हणाल्या, तर पुरे म्हणते.