रुपराव खुर्चीवाला

मी भेकड माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायचा मोह कोणाला व्हायला नको.

१९७४ साली मी नागपूरच्या एका सरकारी कचेरीत स्टोअरबाबू होतो. कचेरीत वेताच्या दीडशे खुर्च्या. आमच्या उन्हाळ्यात गादीवर बसून फायली कोण लिहील? घामाने सगळं चिकटतं. त्या खुर्च्या सांभाळायला रुपराव होता, लहानपणी देवीत दोन्ही डोळे गेलेला. तो बेसा गावात राहायचा, तेव्हा ते शेतातलं गाव होतं. तिथून त्याची बायको गोपिका त्याला रोज कचेरीच्या फाटकापर्यंत आणून सोडायची आणि संध्याकाळी न्यायला यायची.

मागच्या व्हरांड्यात त्याचं काम चाले. खुर्ची उलटी करून तो सांध्यांत रॉकेल सोडायचा, ढेकणांसाठी. बैठक सैल झाली असेल तर खालून कोमट पाण्याचं फडकं फिरवून वाळत ठेवायचा, की ती पुन्हा ताणून बसायची. फाटलीच असेल तर जुना वेत कापून, नवा भिजवून, एकेका भोकातून ओवत जायचा. खालून नुसता हात फिरवून म्हणायचा, "हे वामनराव बाबूची. एकाच अंगावर बसते बुवा." आम्ही हसायचो, आणि खुर्ची खरंच वामनरावांची निघायची.

नऊ वर्षं तो रोजंदारीवर होता. त्या वर्षी त्याला कायम करायची फाईल साहेबांच्या टेबलावर पोचली होती. फक्त सही राहिली होती.

एप्रिलमध्ये कचेरीच्या स्टोअरात चांगल्या वेताची जुडी आली. माझ्या धरमपेठेतल्या घरी चार खुर्च्या फाटून पडल्या होत्या. काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, ती अख्खी जुडी मी घरी नेली आणि रविवारी रुपरावलाच बोलावून खुर्च्या विणून घेतल्या. त्याने वेत चाचपला, जरा थांबला, मग गुपचूप कामाला लागला. माझ्या बायकोने त्याला पोटभर जेवू घातलं. तेवढ्यावर माझं समाधान झालं, बघा.

मे महिन्यात नेमकी साहेबांची खुर्ची फाटली. स्टोअरात तीन वर्षांपूर्वीचा वाळलेला वेत तेवढा होता. तोच मी दिला.

"बाबूजी, ह्याच्यात दम नाही. भिजवला तरी टुटून राहिला," रुपराव म्हणाला. "तुमच्या घरी विणला त्यातला नाही का उरला?"

माझं डोकं सणकलं. "जे दिलं ते वीण गा. साहेबाले उद्या खुर्ची पाहिजे."

त्याने विणली. आठव्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये बसल्या बसल्या खुर्चीत रुतले. गुडघे हनुवटीला, हात वर. दोन शिपायांनी ओढून काढलं तेव्हा बाहेर आले. कोणी हसलं नाही, पण सगळ्यांचे ओठ दाबलेले साहेबांनी पाहिले.

दुपारी आम्हा दोघांना आत बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला सरळ विचारलं, "मनोहरराव, वेत खराब होता का?"

रुपराव माझ्या शेजारीच उभा होता. नोकरी जाईल, चौकशी लागेल, धरमपेठेत तोंड दाखवता येणार नाही, एवढं सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"नाही साहेब. माल चांगला होता."

रुपरावने मान माझ्याकडे वळवली. साहेबांनी फाईल ओढली आणि शेरा मारला: अंध कारागिराचे काम धोक्याचे, कायम करू नये, रोजंदारीही बंद करावी. त्या शेऱ्यावरचा आदेश मीच टाइप केला. एकही चूक झाली नाही.

संध्याकाळी मी फाटकाशी गेलो. गोपिका त्याचा हात धरून उभी होती. तिला सगळं कळलं होतं, माझ्याकडे बघायलाही ती तयार नव्हती.

"रुपराव, तू काहून बोलला नाहीस गा?" मी विचारलं. वर मीच विचारलं, लाज नाही वाटली मला.

"मी बोललो असतो तं कोण मानलं असतं, बाबूजी? आंधळा आपली चूक झाकून राहिला म्हणले असते. मले वाटलं, तुम्ही बोलान. म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

साहेब अजून आतच होते. त्यांच्या खोलीचा पंखा चालू होता. जाऊन सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

मी सायकल काढली आणि घरी गेलो.