पडद्याआडची कॉफी

मागच्या अंकात सोलापूरच्या सहलीबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं : "नवी पेठेमागच्या कॉफीच्या दुकानाचं नाव मोठं, कॉफी मात्र पातळ." हे वाक्य चुकीचं आहे. त्या दुकानातली कॉफी पातळ नाही. ती कुणाला पातळ मिळते एवढंच लिहायला हवं होतं, आणि ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चूक दाखवली मी शिकवते त्या शाळेच्या हेडमास्तरांनी. ते पूर्वी सोलापुरात होते. "बाई, देऊळ आणि तळं छान उतरलंय," ते सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले. "कॉफीच्या वाटेला मात्र जाऊ नका. तिला जीभ लागते." सगळे हसले. मीही हसले, पण मनातून ते जाईना. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. माझं नाव छापून आलं की वडील तो अंक फडक्यात बांधून ठेवतात. त्यात खोटं छापलं गेलं असेल तर? पुन्हा जाऊन, पुन्हा पिऊन बघायचं ठरवलं.

जेऊरहून सकाळची पॅसेंजर सोयीची. खिडकीची जागा मिळाली तर डोळ्यांत कोळशाचे कण जातात, म्हणून ओला रुमाल जवळ ठेवा. कुर्डुवाडीला गाडी भरपूर थांबते. तिथली भजी घेऊ नका, भाकरी आणि शेंगांची चटणी घरूनच न्या. एकटीला सोडायचं नाही म्हणून सोबत धाकटा भाऊ दत्तू होता. माझ्या पगारातून शिकणारा, नुकतीच मिशी फुटलेला हा माणूस माझा रक्षक. मोहोळपर्यंत तो झोपला होता.

स्टेशनवरून चालत जावं. टांगेवाले नवख्याला गावभर फिरवून आणतात. बोळाच्या तोंडाशी आलं की दुकान शोधावं लागत नाही, भाजलेल्या दाण्यांचा वास हाताला धरून नेतो. मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, दाणे स्वतः भाजतात आणि गिऱ्हाइकासमोर दळतात. पितळी भांड्यात पावडर, वरून उकळतं पाणी, खाली थेंबाथेंबाने गळतो तो काढा. काढ्यात गरम दूध घातलं की कॉफी.

पुढच्या टेबलांवर जाणकार बसतात. जाणकार कसे ओळखायचे? ते डोळे मिटून पितात. त्या दिवशी सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले एक वकील एक घोट घेऊन म्हणाले, "अण्णा, आज भाजणी जरा पुढं गेली." अण्णांनी गंभीरपणे मान हलवली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "आज भाजणी थोडी कमी पडली, अण्णा." अण्णांनी तितक्याच गंभीरपणे मान हलवली. दोघांचे पेले एकाच भांड्यातून भरले होते. दोघेही समाधानाने मिशा पुसत राहिले.

बायकांनी तिथे बसायचं नसतं. मागे फुलाफुलांचा पडदा लावलेली 'फॅमिली रूम' आहे. मागच्या लेखात मी तिला "स्त्रियांसाठी उत्तम सोय" म्हटलं होतं. प्रत्यक्षात ती गूळ ठेवायच्या कोठीएवढी आहे, पंखा नाही, आणि मोरीचा वास कॉफीच्या वासाला पुरून उरतो. आत आणखी दोघी होत्या. "इथली कॉफी किती हलकी, नाही? पोटाला काही होत नाही," एक म्हणाली. "भारीतली असते ना," दुसरी म्हणाली.

दत्तूला पाच मिनिटांत गुदमरलं. तो बाहेर जाऊन वकिलांच्या शेजारी बसला. मला मागच्यासारखीच कॉफी आली : गोड, गरम, ओल्या पांढऱ्या मातीच्या रंगाची. म्हणजे मी खरं तेच लिहिलं होतं. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पडदा सारून दत्तू आला, हातात अर्धा पेला.

"आक्का, लई कडू हाय. तू पी."

त्याच्या पेल्यातला रंग काकवीसारखा होता. मी एक घोट घेतला. ती कडू होती, आणि त्या कडूमागून भाजल्या दाण्याचा तोच वास आला जो बोळाच्या तोंडापासून मला ओढत होता. माझ्या पेल्यात तो नव्हताच.

वाढणाऱ्या मल्लप्पांना मी दोन्ही पेले दाखवले. "ही एकच कॉफी का?"

"एकच की, बाई. पावडर एकच."

"मग रंग?"

"ते पहिलं पाणी, हे दुसरं. त्याच पावडरीवर परत पाणी सोडायचं. फॅमिलीला दुसरं जातं. बायामान्सांना कडक सोसत न्हाय."

"दाम?"

"दाम पण एकच."

मी पडदा सारून बाहेर आले. "अण्णा, मला पहिल्या पाण्याची कॉफी द्या. मी इथं बसून पिईन."

अण्णा हात पुसत राहिले. "आत पाठवतो की, बाई. स्पेशल. हितं गिऱ्हाइकं बसत्यात."

"मी कोण आहे?"

वकिलांनी डोळे उघडले. "कॉफी ही समजून प्यायची गोष्ट आहे, बाई."

"समजायला आधी मिळावी लागते," मी म्हणाले. एवढंच सुचलं. उरलेली चांगली उत्तरं माढा स्टेशन गेल्यावर सुचली. कुणीच खुर्ची सरकवली नाही. दत्तू कानाशी आला, "आक्का, चल, गाडी चुकंल." गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. आम्ही निघालो.

घरी आईने विचारलं, "कशी लागली कापी?" मी सगळं सांगितलं, रागारागाने, हातवारे करून. आई चुलीपुढे बसून ऐकत होती.

"मंग त्यात काय झालं?" ती म्हणाली. "आपल्यात बी तसंच हाय की. आदी बाप्यांचा चहा. मागनं त्याच पावडरीवर पाणी घालून आपला. तू त्योच पिऊन मास्तरीन झालीस."

पातेलं चुलीवरच होतं. वडील आणि दत्तू ओसरीवर बसून पीत होते. तळाशी पावडर होती, आणि आई तिच्यावर तांब्यातलं पाणी ओतत होती. रोज बघते मी हे. सोलापूरला मात्र दोनदा जावं लागलं.

मी पातेलं उतरवून उकिरड्यावर पालथं केलं. आई म्हणाली, "आगं, वाया घालवलीस." मी नवी पावडर टाकली. आईने दोन घोट घेतले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "लई कडक हाय." मग कप खाली न ठेवता सगळा प्याली.

"कापी याच्याहून कडक आसती?" तिने विचारलं. आई अजून जेऊरच्या पुढे कधी गेलेली नाही.

तिथली कॉफी उत्तम आहे, जरूर प्या. मात्र पडद्याबाहेर बसा, आणि पहिल्या पाण्याची मागा. खुर्ची कुणी दिली नाही तर ओढून घ्या. मागच्या वेळी मला ते जमलं नाही. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या पॅसेंजरने, मी आईला घेऊन जाणार आहे. दत्तू येणार नाही.