सुभेदाराच्या नावावरच्या दोन बाटल्या

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. आमच्या घरात कुणीच घेतलेला नाही. आम्ही सांगलीकडचे जैन, हळदीचे व्यापारी. दिवस मावळला की आमच्याकडे जेवणसुद्धा बंद, तिथं बाटलीचं नाव कोण काढणार. तरीही एका ठरावीक बाटलीचा मिरजेतला भाव, म्हैसाळच्या पुढं हद्द ओलांडली की कागवाडातला भाव, पणजीतला भाव आणि साताऱ्यातल्या मिलिटरी कॅन्टीनमधला भाव मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. ही माहिती मला कुणी विचारत नाही. मी आपण होऊन सांगतो.

याला आमचा धंदा जबाबदार आहे असं मी म्हणतो; बायको म्हणते, स्वभाव. वडिलांनी मला मार्केट यार्डात पेढीवर बसवलं तेव्हा पहिलंच सांगितलं होतं, की घ्यायचं असो वा नसो, भाव विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. ते मी इतकं मनावर घेतलं, की दवाखान्यात सलाईन लावलेलं असतानाही नर्सला ‘ही बाटली कितीची?’ असं विचारून झालं होतं. आणि दारूसारखा चमत्कारिक भाव मी दुसऱ्या कुठल्या मालात पाहिलेला नाही. हळदीत माल बघून भाव ठरतो. कांडी मोडायची, आतला रंग बघायचा, मग बोलायचं. इथं कंपनी तीच, बाटली तीच, आतला माल तोच. मधे फक्त एक नाका येतो आणि पलीकडच्या सरकारचा कर वेगळा म्हणून भाव बदलतो. म्हैसाळ ते कागवाड मोटारसायकलवर दहा मिनिटांचं अंतर. तेवढ्यात हळद एका पैशानंही हलत नाही.

कॅन्टीनची माहिती मला सुभेदारामुळे. तो लोणंदकडचा. शाळेत असताना साताऱ्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. पुढं मी पेढीवर बसलो, तो फौजेत गेला, सुभेदार होऊन परतला आणि साताऱ्यात घर बांधून राहिला. सगळे त्याला सुभेदारच म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. निवृत्त फौजीला दर महिन्याला कॅन्टीनमधून ठरावीक बाटल्या मिळतात, त्यावर कर नावाला. आपल्याच देशाच्या पोटात हा एक शेजारी देश आहे, कार्ड दाखवलं की आत जाता येतं, असं मी यार्डात सांगत असे.

सुभेदार प्यायचा. आधी सोसेल एवढी प्यायचा, मग न सोसेल एवढी प्यायला लागला. एके दिवशी त्याचं पोट फुगलं आणि डोळे पिवळे झाले. तो पिवळा रंग बघून मी घाबरलो, कारण पिवळ्या रंगातलं मला कळतं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढं एक पेला जरी घेतला तरी माझ्याकडे आणू नका. सुभेदारानं त्या दिवसापासून सोडली. कशी सोडली ते वहिनींना ठाऊक. पहिले दोन महिने त्या घरात कुणी नीट झोपलं नव्हतं.

मला आनंद झाला, हे खरं आहे. पण त्याचा कोटा दर महिन्याला वाया जातोय हे कळल्यावर जे वाईट वाटलं, तेही खरं आहे.

“कोटा तरी उचल की लेका,” मी त्याला म्हणालो. “प्यायची न्हाई तर न्हाई.”

“उचलून काय करू?” तो म्हणाला.

तरी पुढं बरेच दिवस मला महिनाअखेर आली की चुटपुट लागायची.

त्यानं सोडल्याला चौदा महिने झाले तेव्हा आम्ही दोघांनी भूतानला जायचं ठरवलं. वहिनींचे गुडघे दुखत होते. माझ्या बायकोनं तिथल्या जेवणाबद्दल चौकशी केली आणि मला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि शुभेच्छा देऊन मोकळी झाली. निघताना साताऱ्यात वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

“भावजी, तुमच्यावर सोडते त्यास्नी,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणासंगं धाडलं नसतं. तुमी बाटलीला हात बी लावत न्हाई म्हणून धाडते. परत घेतली तर माणूस राहायचा न्हाई, डाक्टर म्हणलाय.”

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. त्या वेळी मी स्वतःला बराच थोर समजत होतो.

सरहद्दीवर एक रंगीत कमान आहे. अलीकडे बंगाल, पलीकडे भूतान, आणि दोन्हीकडे दारूची दुकानं. त्यांचं नाणं आपल्या रुपयाच्या बरोबरीचं, त्यामुळे गुणाकारही करावा लागत नाही. माझी अवस्था बाजारात सोडलेल्या पोरासारखी झाली. मी अलीकडच्या दुकानात भाव विचारला, कमानीतून पलीकडे जाऊन तिथं विचारला, मग खात्रीसाठी परत अलीकडे यायला निघालो. पोलिसानं माझ्याकडे कागदपत्रं मागितली. मी कागदपत्रं दाखवली आणि त्यालाही भाव विचारला.

सुभेदार तोवर रस्त्याच्या कडेला दोघांच्या पिशव्या धरून, दुकानाकडे पाठ करून उभा होता. पुढं थिंफूतही असंच. मी दुकानात, तो रस्त्याकडे तोंड करून. फौजेत आयुष्य गेलं तरी त्याला डोंगर अजून आवडतात, याचं मला कौतुक वाटलं.

गाडीत मी त्याला सगळं समजावून सांगे. बंगालचा कर असा, भूतानचा तसा, आपल्याकडे तर प्यायलासुद्धा परवाना लागतो आणि त्याचेही पैसे वेगळे. गोवा एवढा स्वस्त असून भूतान काही मालात गोव्यालाही मागं टाकतो. तो “व्हय, व्हय” करत असे. एकदा म्हणाला, “गड्या, दुसरं कायतरी बोल की.” मग मी बिअरच्या भावाकडे वळलो.

आठ दिवस असे गेले. सुभेदारानं थेंब घेतला नाही. मी रोज संध्याकाळी वहिनींना फोन करून तसं सांगत होतो, जणू न पिण्याचं काम मीच करत होतो.

परतीचं विमान पारोहून कलकत्त्याला. विमानतळावर बिनकराचं दुकान होतं. मी अर्थात भाव विचारला आणि जागच्या जागी खिळलो. आठवडाभर गोळा केलेले सगळे भाव त्याच्यापुढं फिके होते. काउंटरवरच्या मुलीनं हसून सांगितलं, की भारतात जाताना माणशी दोन लिटर नेता येते, त्यावर काही भरावं लागत नाही. माणशी. आम्ही दोघं. दोघांचे बोर्डिंग पास माझ्याच खिशात. सुभेदार पलीकडे काचेजवळ बसून विमान बघत होता.

आता त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. पिण्याचा विचार नव्हता. विकण्याचाही नव्हता. कुणाला द्यायची हेसुद्धा ठरलं नव्हतं. आमचे कर सल्लागार घेतात असं ऐकून होतो, त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर येऊन गेला एवढंच. मला फक्त एक दिसत होतं, की इथून तसंच पुढं गेलो तर चार लिटरचा कोटा वाया जाणार. मी लिटरच्या चार बाटल्या घेतल्या, दोन माझ्या पासावर, दोन त्याच्या.

बाटल्या ज्याच्या त्याच्या नावाच्या बिलासकट दोन सीलबंद पिशव्यांत मिळाल्या. कलकत्त्याला उतरल्यावर एक रात्र मुक्काम होता. माझ्या बॅगेत माझ्या दोन कशाबशा बसल्या, म्हणून मी सुभेदाराकडे त्याच्या बॅगेची किल्ली मागितली.

“काय ठेवतुयास?” त्यानं विचारलं.

“मिरचीच्या लोणच्याच्या बरण्या. साताऱ्यात उतरलो की काढून घेतो.”

आयुष्यभर मापात आणि भावात खोटं न बोललेला माणूस मी, लोणच्याबाबत बोललो. त्या बाटल्या मी त्याच्याच स्वेटरमध्ये नीट गुंडाळून ठेवल्या, किल्ली त्याला परत दिली आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात उतरेपर्यंत चार लिटरवर सुटलेल्या रकमेच्या आनंदात मीच विसरून गेलो.

साताऱ्यात घरी पोचलो तेव्हा दुपार होती. वहिनींनी सुभेदाराचा चेहरा नीट निरखून बघितला, डोळ्यांतला पांढरा रंग बघितला, आणि समाधानानं चहा टाकला. चहा आमच्या हातात दिला आणि मळके कपडे काढायला म्हणून बॅग उघडली. मला आठवण झाली तेव्हा त्यांच्या हातात स्वेटर होता.

दोन्ही बाटल्या त्यांनी जमिनीवर उभ्या केल्या. पिशवीत बिल होतं. ते त्यांनी चष्मा लावून वाचलं. त्यावर सुभेदाराचं नाव स्पष्ट छापलेलं होतं.

“चौदा म्हैनं,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, मी घेतल्यात त्या,” मी म्हणालो. “त्याला म्हाईत न्हाई. स्वस्त हुत्या म्हणून घेतल्या.”

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं बघितलं. “भावजी, दोस्तासाठी एवढा आळ अंगावर घेऊ नका. तुमच्यासारखा देवमाणूस बाटली घेतोय व्हय?”

मी पुन्हा सांगितलं. कर सांगितला, कोटा सांगितला, पारोचा आणि पणजीचा भाव सांगितला. जितकं सांगावं तितकी त्यांची माझ्याबद्दलची भक्ती वाढत गेली आणि सुभेदाराकडे बघायचं त्यांनी बंद केलं. शेवटचा उपाय म्हणून मी माझी बॅग उघडून माझ्या दोन बाटल्या त्यांच्यापुढं ठेवल्या. वहिनींनी तोंडावर पदर घेतला.

“त्यांच्यासाठी तुमच्या पिशवीतनं बी आणल्या?” त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

सुभेदार भिंतीला टेकून बसला होता. स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. चौदा महिने त्यानं कसे काढले ते मी जवळून बघितलं होतं, आणि ते सगळे महिने माझ्या एका खरेदीनं त्या खोलीत खोटे पडत होते. मी बायकोला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि झालेलं सगळं सांगितलं.

मग ती म्हणाली, “आक्का, खरं बोलत्यात ते. रडू नका. आमच्या घरात बर्फात घालायचे तीन जोड बूट हायेत. सांगलीत. दिल्लीला स्वस्त मिळाले म्हणून आणल्यात. केस काळे करायचा डबा हाय भला मोठा, डोक्यावर एक केस न्हाई. घोड्याचं खोगीर हाय, आक्का. निम्म्या भावात मिळालं.”

खोगिरापाशी वहिनींचा विश्वास बसला. रडता रडता त्यांना हसू आलं आणि मग ते थांबेचना. मीही हसलो. माझी लाज निघाली होती, पण सुभेदार सुटला होता, आणि एवढ्यात सौदा मिटला असं मला वाटलं. सुभेदार तेवढा हसत नव्हता.

“मला म्हाईत हुतं,” तो म्हणाला.

“काय?”

“कलकत्त्याला तू आंघुळीला गेल्तास. बॅग सरकवली तवा आवाज आला. लोणच्याची बरणी तशी वाजत न्हाई, गड्या.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “काढली भाईर. वाचली. परत ठिवली. तू येस्तवर दोनदा काढली.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तोंडातनं शब्द काढायचं भ्या वाटत हुतं. इमान सोडलं तर तिथनं हितवर बॅग माझ्याच हातात हुती.”

कलकत्ता ते पुणे आणि पुणे ते सातारा मी त्याला कोणकोणते भाव सांगितले होते ते मला आठवलं. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी चारही बाटल्या उचलल्या आणि मोरीत गेलो. पहिलीचं बूच फिरवायला लागलो. ते फिरेना. उलटं फिरवलं, दाबलं, ओढलं. इतक्या बाटल्यांचे भाव पाठ असलेल्या मला बाटली उघडता येत नव्हती. सुभेदार उठला आणि त्यानं सवयीनं हात पुढं केला.

“तुमी नका,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी मला बाजूला सारलं, बाटली घेतली, आणि मनगटाच्या एका झटक्यात सील तोडून मोरीत उपडी केली. मग दुसरी, तिसरी, चौथी. त्यांचा हात कुठंही अडला नाही. वास येऊ नये म्हणून त्यांनी वरून लगेच दोन तांबे पाणी ओतलं, तेही बरोबर मापानं. हे काम त्यांनी त्या मोरीत किती वर्षं केलं असेल, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी यार्डात सगळे जमले आणि भूतानात काय भाव होता म्हणून विचारायला लागले. मी म्हणालो, डोंगर छान आहेत.