कमी निघालेल्या गोळ्या

साखरेच्या आजाराची पाहणी करणारी एक बाई आमच्या फुलसावंगीत येते. पेनाचं टोपण दातात धरून लिहिते आणि गोळ्यांनी त्रास झाला का, हे दोनदा विचारते.

परवा माझी धाकटी जाऊ कापूस वेचताना भोवळ येऊन पडली. "तिनं कोणतंच औषध घेतलं नाही," बाईनं विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. खरं तर थकवा जाईल म्हणून माझ्या साखरेच्या गोळ्या मीच जावेला देत होते.

बाईनं माझ्या गोळ्या मोजल्या. कमी निघाल्या. ती ओरडली नाही. टोपण लावून म्हणाली, "मावशी, तुमीच सांगा तिले. मी थांबते."

जाऊ समोरच बसली होती. त्या गोळ्या माझ्या साखरेच्या होत्या, हे मी तिला सांगितलं.

"तुमी देल्या म्हून म्या पुसलं बी नाही, जाऊबाई."

बाईनं वहीत नजर घातली. माझ्याकडे नजर लपवायला वहीही नव्हती.