उघडी राहिलेली ओळ

कार्तिकातल्या पावसात चिखलीच्या वेशीबाहेरचा द्राक्षमळा गेला. आसपास द्राक्षांचा तेवढा एकच मळा होता. तो लावणाऱ्या बागवानाला आमची सगळी गल्ली चाचा म्हणत असे.

चाचा वेलीची काडी मोडून दाताखाली धरत, चावत आणि थुंकत. "कच्ची हाये," एवढंच म्हणत. काडी आतून पिकली नसेल तर छाटणीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. माणसांनाही ते हाच शब्द लावत. शेजारच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सोयऱ्यांदेखत म्हणाले, "पोरगा चांगला हाये, पण काडी कच्ची हाये." लग्न तरीही झालं. पंगतीत पहिलं ताट चाचांनाच वाढलं.

द्राक्षं फाल्गुनात निघतात, पण त्यांचा निकाल दसरा-दिवाळीतच लागतो. पाऊस सरला की चाचा पाणी तोडत, मुळ्या उघड्या करून त्यांना ऊन दाखवत आणि मग छाटत. दिवाळीला कोवळ्या फुटीवर मोहरीएवढ्या कळ्यांचे घड दिसू लागत. तिथून पुढे आभाळ कोरडं राहावं लागतं. तुम्ही अशा मळ्याजवळ राहिला असाल, तर या दिवसांत मळेवाला माणसांशी बोलतानाही वर पाहतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

फळ खामगावच्या एका पारशी शेठकडे जाई. तो त्याची दारू काढून औषधी म्हणून विकत असे. गल्लीतले लोक चाचांना डिवचत, "चाचा, नमाज पढता आन् दारूले द्राक्षं देता?"

"मी फळ देतो," चाचा म्हणत. "पुढचं त्या शेठनं पाहावं. माह्या कबरीत तो थोडाच येऊन राह्यला."

आदल्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस आला आणि त्याच्या माऱ्यानं कळ्या झडल्या. गाडी खामगावला गेली नाही. जमीन देशमुखांची होती. त्यांनी त्यानंतरच्या दसऱ्याला चाचांना बोलावलं तेव्हा मी तिथे होतो.

"या फाल्गुनात गाडी भरली नाही, तर चैतात वेली तोडतो. कपाशी लावाची हाये मले."

"मालक, वेल म्हातारी नाही झाली अजून."

"मी झालो ना," देशमुख म्हणाले.

चाचांनी त्या वर्षी छाटणी नेहमीप्रमाणेच केली. फूट चांगली आली. दिवाळी झाल्यावर आभाळ भरलं. दुपारी चाचा आमच्या दारात आले. बसले नाहीत.

"घोंगडी हाये का घरात? गोधडी चालते. फाटकी देजा."

"काऊन चाचा?"

"मार बसाले नाही पाह्यजे कळीले. मांगच्या साली मारानंच गेलं."

ते घरोघर फिरले. लोकांनी गोधड्या दिल्या, सतरंज्या दिल्या, कापसाच्या जिनातून बारदान आलं. मांडववाल्यानं कनात दिली आणि बजावलं, "चाचा, पुढच्या सोमवारी लग्न हाये. द्राक्षाईले सांगून ठेवजा." पहिले थेंब पडले तेव्हा मळा झाकून झाला होता. विहिरीकडची शेवटची ओळ तेवढी राहिली. तिथवर कापड पुरलं नाही. पाऊस दोन-तीन दिवस थांबून थांबून पडत राहिला. मधल्या वेळात वारा सुटे, पण चाचांनी कापड हलवू दिलं नाही.

उघडीप झाल्यावर आम्ही गोधड्या काढल्या. खालून उबट, कुबट वास आला. पानांच्या मागे पांढरी बुरशी होती. घड तपकिरी पडले होते. बोट लावलं की गळत. विहिरीकडच्या ओळीत थोड्या कळ्या झडल्या होत्या, बाकी घड हिरवे होते. वाऱ्यानं ती ओळ वेळोवेळी सुकवली होती.

चाचा त्या ओळीपाशी गेले. मग चाचीला म्हणाले, "मीच घाम आणला त्याईले. उघडे ठेवले असते तर जगले असते."

चाची गोधड्यांची घडी घालत होती. ती म्हणाली, "लोकाईले सांगू नका. त्याईनं अंगावरच्या काढून देल्या हायेत."

त्यांनी सांगितलं नाही. गोधड्या धुऊन वाळवल्या आणि घरोघर नेऊन दिल्या. आमच्या आईला म्हणाले, "बाई, तुमच्या गोधडीनं वाचली एक ओळ." आईनं ती गोधडी पुढे पाहुण्यांना दाखवली. मी तिला काही सांगितलं नाही.

फाल्गुनात त्या ओळीची द्राक्षं निघाली. शेठच्या माणसानं एक मणी चाखला आणि एवढ्यासाठी गाडी जुंपत नाही म्हणाला. चाचांनी पाटी डोक्यावर घेतली आणि ज्या घरांतून कापड आलं होतं त्या प्रत्येक घरी एकेक घड दिला. मांडववाल्यानं विचारलं, "हे कनातीचं भाडं का चाचा?"

"हाव," चाचा म्हणाले. "गोड हाये का?"

"गोड हाये."

काडी चावताना मी त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

चैत्रात देशमुखांनी माणसं लावली. वेली एका दिवसात निघाल्या. चाचा आणि चाची त्याच आठवड्यात गाव सोडून गेले. देऊळगावच्या रस्त्यावर एका पेरूच्या बागेत ते रखवालीला असल्याचं कोणी सांगितलं, म्हणून पुढच्या दिवाळीत मी तिथे गेलो. बागेच्या मालकानं सांगितलं की असा म्हातारा आणि त्याची बायको तिथे होती. आश्विनात एका सकाळी आभाळ आलं, म्हातारा वर पाहत बसला आणि त्याच दिवशी दोघं निघून गेली. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.